अठ्ठेचाळीस किलोची जागा

३ ऑगस्ट

ताई,

नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण काल एका पोराला डाव दाखवताना कंबर धरली, तेव्हा उभ्यानेच मानून घे.

तुमच्या शालेय कुस्ती मंडळाचं पत्रक आज मुख्याध्यापकांनी माझ्या टेबलावर टाकलं. दोनदा वाचलं. म्हणे शाळांचे पटसंख्येनुसार दोन गट करायचे. पाचशेच्या वर पट असेल तो मोठा गट, खाली असेल तो लहान. मोठ्यांनी नेहमीसारखी दहा वजनांत दहा पोरं उतरवायची, लहानांनी त्यातल्या कुठल्याही सहा वजनांत. आणि लहानांना वेगळी, लहान ढाल. का, तर अन्याय होऊ नये म्हणून!

ताई, आमच्या शाळेचा पट दोनशे बारा. भूगोलाचा तास संपला की मी आणि पोरं मिळून मागच्या खोलीतली बाकं भिंतीला लावतो, मॅट अंथरतो, सराव झाला की बाकं परत जागेवर. अकरा वर्षं हेच चाललंय, आणि या अकरा वर्षांत एकाही शाळेने आमच्यावर दया दाखवली नव्हती. आता एकदम कळवळा कुठून आला? गेल्या वर्षी आम्ही त्या अडीच हजार पटाच्या शाळेच्या मागे फक्त तीन गुणांनी राहिलो. त्यांचा मास्तर, आपला जुना सोबती खांब, बक्षीस घेताना घामाने डबडबला होता, मी पाहिलंय. पाणी कुठेतरी मुरतंय.

पत्रक तूच टाईप केलंयस. टिंब जोरात मारायची तुझी सवय लपत नाही. ठराव कोणी मांडला तेवढं सांग. नाव नको असेल तर नुसतं "हो" लिही, मी समजेन.

तुझा भाचा बारक्या मजेत आहे. अभ्यास बेताचा, सराव जोरात.

तुझा,
ढब्बू

९ ऑगस्ट

ढब्बू,

"हो" लिहिणार नाही आणि "नाही"ही लिहिणार नाही. मत पडेपर्यंत ठराव मांडणाऱ्याचं नाव झाकून ठेवायचं, असा मंडळाचा नियम आहे. मी तिथली कारकून आहे, तुझी हेर नाही.

लहानपणी वाटणीचे लाडू तू दोनदा मोजायचास आणि तरी आईकडे संशयाने बघायचास. बाकी काही बदललं असेल तर ते तुझं पोट. पण एकदा विचार तर कर. चांगली गोष्टही कधी कधी सरळ दारातून येते.

सध्या मी जुन्या वजनांच्या वह्या नीट लावते आहे. सायकलच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांत कपाट एकच, तेही बंद होत नाही, म्हणून वह्या पत्र्याच्या पेटीत. बारा वर्षांची वजनं माझ्याच अक्षरात आहेत. वाचत बसलं की पोरं डोळ्यांसमोर वाढतात.

बारक्याचं वजन आता किती? गेल्या महिन्यात चार दिवस राहून गेला तेव्हा माझा जिना चढताना दोनदा थांबला होता. सोळा वर्षांचं पोर, आणि जिना एकोणीस पायऱ्यांचा. मी पंचावन्नची आहे, मी थांबत नाही.

ताई

१४ ऑगस्ट

ताई,

तू विचारलंस त्याचं उत्तर नंतर. आधी माझ्या प्रश्नाचं. पत्रक निघायच्या आधीच्या शुक्रवारी खांब तुमच्या ऑफिसात आला होता की नाही? तुमचा शिपाई पत्रकं वाटत आमच्याकडे आला होता, त्याच्याकडून कळलं. पाऊण तास बसला म्हणे, आणि तू त्याला चहा दिलास. पत्रात मात्र त्याचा एक शब्द नाही. ताकाला जाऊन भांडं का लपवतेस?

तो आणि मी एकाच मॅटवर वाढलो, मी त्याला आतून ओळखतो. कुस्ती हरायला लागली की तो मॅटच्या बाहेर पाय टाकायचा, म्हणजे पंच थांबवतील. हा ठराव म्हणजे तेच. आम्हाला दुसऱ्या खोलीत बसवून द्यायचं, लहान ढाल हातात ठेवायची, की मग त्याला आमची भीती नाही.

आणि अन्याय कसला? वजनं आहेत ना? अठ्ठेचाळीसचं पोर अठ्ठेचाळीसच्या पोराशी लढतं. समोरच्याच्या शाळेत किती वर्ग आहेत, किती नळ आहेत, हे मॅटवर कोणी विचारत नाही. लहान शाळेच्या पोराला अख्ख्या आयुष्यात मोठ्यांच्या बरोबरीने उभं राहायला मिळतं ते याच एका जागी. तेवढं तरी राहू द्या.

जिन्याचं म्हणशील तर पोरं वाढत्या वयात दमतात. हे प्रश्न तुझे वाटत नाहीत. कोणी शिकवले?

ढब्बू

२५ ऑगस्ट

ढब्बू,

खांब अर्ज द्यायला आला होता. चहा मी शिपायालाही देते, त्यावर ठराव होत नाहीत.

वजनांचं तू लिहिलंस ते कागदावर बरोबर आहे. पण त्याच्याकडे कुस्तीला साठ पोरं येतात. अठ्ठेचाळीसला कोण, तर जो जेवूनखाऊन अठ्ठेचाळीसच भरतो तो. तुझ्याकडे पोरं नऊ-दहा आणि जागा दहा. तुझ्या खोलीत भिंतीवर दहा खिळे आहेत आणि प्रत्येकावर एका पोराच्या नावाची पाटी, हे मी पाहिलंय. एकही खिळा कधी रिकामा ठेवला नाही, हे तू पाहुण्यांना सांगतोस तेही ऐकलंय. पण पोरं खिळ्यांच्या मापाने जन्माला येत नाहीत रे. कुणाला वर ढकलायचं, कुणाला खाली दाबायचं.

आता मी सरळच विचारते, कारण आडून विचारलं की तुला वास येतो. तुझा यंदाचा अर्ज माझ्यासमोर आहे. बारक्या गेल्या वर्षी एक्कावन्नला होता. वर्षभरात चार बोटं उंच झाला. आणि यंदा तू त्याला अठ्ठेचाळीसला लावलायस. पोर उंच होतं आणि हलकं होतं, हे कसं? डॉक्टरांच्या दाखल्यावर जूनची तारीख आहे, त्यानंतर कोणी तपासलं का? तो जेवतो का, ढब्बू?

ताई

२ सप्टेंबर

ताई,

अकरा लहान शाळांच्या मास्तरांना मी पत्रं लिहिली. ठराव खांबाचा आहे, आपल्याला वाटेतून बाजूला करायचा डाव आहे, हे सगळं खुलासेवार कळवलं. नऊ जणांची उत्तरं आली. सगळे माझ्या बाजूने. सभेत मी बोलणार आहे आणि त्याच्या तोंडावर बोलणार आहे.

बारक्याबद्दल पुन्हा लिहू नकोस. त्याची आई गेल्यापासून त्याला मी वाढवलंय. तो माझा मुलगा आहे, आणि यंदा खांबाच्या अठ्ठेचाळीसच्या पोराला तो चीत करणार आहे. वर्षभर त्याच्या तोंडी दुसरी गोष्ट नाही. त्याचा दाखला तू खांबाला दाखवला नसशील एवढी आशा आहे.

तू आकडे लिही. पोराकडे मी बघतो.

ढब्बू

२२ सप्टेंबर

ढब्बू,

सभेचं इतिवृत्त सगळ्यांना जाईलच, पण त्यात मी काय लिहिलेलं नाही ते तुला कळवते.

तू पाऊण तास बोललास. चांगलं बोललास. मी मागच्या खुर्चीवर टिपणं घेत होते, दोनदा माझ्याही अंगावर काटा आला. मग तू खांबाकडे बोट करून त्याला भित्रा म्हणालास, पाठीत वार करणारा म्हणालास. तो खाली बघत राहिला. तू जिंकल्यासारखा बसलास. एकतीस मतं पडली. ठरावाच्या बाजूने पंधरा, विरुद्ध सोळा. एका मताने पडला.

आता मत झालं, नियम संपला. ठराव माझा होता.

मंडळाच्या नोकरालाही ठराव मांडता येतो, फक्त एका शाळेच्या मास्तराचं अनुमोदन लागतं. बाकी कोणी सही करेना. खांबाने केली. त्या शुक्रवारी तो अर्जासाठी नव्हे, त्या सहीसाठीच आला होता. तो म्हणाला, माझी शाळा यात काही कमावत नाही, पण तुमचं म्हणणं खरं आहे, वजन करायच्या रांगेत लहान शाळांची पोरं ओळखू येतात. तुझ्या शिव्या खाऊनही त्याने माझं नाव घेतलं नाही, कारण मी त्याला तसं सांगितलं होतं. ही माझी चूक. मला वाटलं, माझं नाव कळलं तर तू हट्टाने विरोध करशील. नाव न कळूनही तू तेच केलंस.

का मांडला ते ऐक. जुलैत बारक्या माझ्याकडे होता तेव्हा एका दुपारी मी स्वयंपाकघरात गेले. तो ओट्याशी उभा होता. हातात पाव. दोन्ही हातांनी नाकाशी धरून तो त्याचा वास घेत होता. बराच वेळ. मग त्याने पाव परत डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि वळून मला पाहिलं. म्हणाला, "आत्या, ताजा आहे का बघत होतो."

सहाच पोरं लागणार असती तर तुला अठ्ठेचाळीसची जागा भरावी लागली नसती. एवढंच होतं त्या ठरावात.

ताई

१० ऑक्टोबर

ढब्बू,

अठरा दिवस झाले. तू रागावलास की पोस्टमनवरही संशय घ्यायला लागलास, कळायला मार्ग नाही.

नावं बदलायची शेवटची तारीख तीस ऑक्टोबर. बारक्याला पंचावन्नला लाव, नाहीतर काढून घे. वजनाच्या दिवशी काट्यामागे दरवर्षीप्रमाणे मीच बसणार आहे. त्याचा आकडा माझ्या हाताने लिहायला लावू नकोस.

ताई

१८ ऑक्टोबर

ताई,

मुद्दाम लिहिलं नाही. ज्या बहिणीने माझ्या पाठीमागे माझ्याविरुद्ध ठराव मांडला तिला काय लिहायचं? खांबाकडून झालं असतं तर मी झोपलो असतो. तुझ्याकडून झालं.

तू मला राक्षस ठरवलंस, तर आता माझीही बाजू ऐक. अठ्ठेचाळीसचा पोरगा शाळा सोडून गेला. जागा रिकामी ठेवली की समोरच्याला न लढता पूर्ण गुण, आणि तिथेच आमची ढाल जाते. मी आधी एक्कावन्नच्या पोराला विचारलं, तीनच किलो उतरव म्हणून. त्याची आई शिवणकाम करते. ती टेप गळ्यात तशीच ठेवून शाळेत आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मास्तर, माझ्या पोराचं जेवण मोजायचं नाही." तिचं बरोबर होतं. दुसऱ्याच्या पोराला मी कोणत्या तोंडाने उपाशी ठेवू? मग घरचं एकच पोर उरलं. पंचावन्नच्या जागेवर पाणपोईवाल्याचा मुलगा होताच.

बारक्याला मी विचारलं होतं. तो लगेच "हो" म्हणाला. जबरदस्ती केलेली नाही. एका मोसमाचा प्रश्न आहे. अर्ज बदलणार नाही.

एकच विचारतो, आणि याचं उत्तर खरं दे. त्याने तुझ्याकडे माझी तक्रार केली का? माझ्यासमोर एक आणि तुझ्यासमोर एक, असं चाललंय का? कारण हल्ली तो बोलत नाही आणि मला काही कळत नाही.

ढब्बू

२४ ऑक्टोबर

ढब्बू,

त्याने तक्रार केली नाही. मीच खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "आत्या, मला भूकच लागत नाही, बाबांना काही लिहू नकोस." तुझीच बाजू घेतली. तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं.

तो तुला कधीच "नाही" म्हणणार नाही. त्याच्याकडे घरात दुसरं माणूस आहे कुठे? ज्याला "नाही" म्हणता येत नाही त्याच्या "हो"ला तू परवानगी समजतोस, आणि ज्यांना येतं त्यांच्यावर संशय घेतोस. शिवणाऱ्या बाईचं तू ऐकलंस. त्या पोराला आई आहे म्हणून ऐकलंस.

मला तुझा फार राग आला आहे. तेवढीच तुझी काळजीही वाटते. वीस नोव्हेंबरला, वजनाच्या दिवशी भेटू. मी काट्याच्या मागे असेन आणि जो आकडा दिसेल तोच लिहीन.

ताई

२३ नोव्हेंबर

ताई,

वीस तारखेला तू होतीस, तरी लिहितो. तू काट्यामागे बसून जे पाहिलंस आणि मी रांगेत उभं राहून जे पाहिलं, ते वेगळं होतं.

घरी बारक्या कायम सरावाचे कपडे घालून असतो. मनगटापर्यंत झाकलेला. मी कित्येक महिन्यांत त्याला उघड्या अंगाने पाहिलंच नव्हतं, हे मला त्या रांगेत कळलं. त्याच्या पुढे खांबाचा अठ्ठेचाळीसचा पोरगा होता. बुटका, गोल खांद्यांचा, हातात केळं, वजन कधी होतंय आणि ते कधी खातोय अशी घाई. मागे बारक्या, त्याच्यापेक्षा डोकंभर उंच. मला त्याची पाठ दिसत होती. मणके मोजता येत होते, आणि मी ते खरंच मोजायला लागलो. तो पोरगा काट्यावर चढला, तू म्हणालीस सत्तेचाळीस नऊशे. बारक्या चढला, तू म्हणालीस सत्तेचाळीस आठशे. काट्याने दोघांना सारखंच म्हटलं.

तू लिहायला मान खाली घातलीस, पण लिहिलं नाहीस. पेन तसंच धरून बसलीस. मी पुढे येऊन म्हणालो, याचं नाव काढ, जागा रिकामी ठेव. तू कारण विचारलंस. तेव्हा माझ्या तोंडून आलं, "मास्तरांची मर्जी." तू तेच लिहिलंस, धन्यवाद.

दोन गटांचं मला अजूनही पटलेलं नाही, हे सांगून ठेवतो. पोरांना मोठ्यांशी लढू द्यावं असंच वाटतं. पण घरी येऊन नवव्या-दहाव्या जागेचं गणित परत मांडून पाहिलं, आणि ते पोर दाबल्याशिवाय सुटत नाही. खांबाला माफीचं पत्र लिहिलंय. तीन दिवस खिशात आहे, टाकवत नाही.

हे सगळं लिहायला बसलो नव्हतो. बसलो ते पुढच्यासाठी.

नाव काढल्यावर खांब माझ्याजवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून गेला. ते बारक्याने पाहिलं. घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाला, "तुमचं त्यांच्याशी ठरलं होतं ना?" मी म्हटलं, काय ठरलं होतं? म्हणाला, "मी जिंकलो असतो म्हणून. सभेत भांडलात, मग मिटवलंत, आणि माझी जागा त्यांना देऊन टाकलीत." मी शपथ घेतली. तो म्हणाला, "शपथ कशाला घेता, मग?"

ताई, आवाज त्याचा होता, पण बोलणं माझं होतं. तेच शब्द, तसंच डोळे बारीक करून. मी त्याला डाव शिकवत होतो असं मला वाटत होतं.

तीन दिवस मी स्वतः रांधतो आणि वाढतो. तो ताटावर बसतो, आधी माझ्याकडे बघतो, मग ताटाकडे, मग परत माझ्याकडे. काल रात्री दूध पुढे केलं तर म्हणाला, "आता का देताय?" मी म्हटलं, अरे, पी. म्हणाला, "आधी कारण सांगा." कारण काय सांगू? तू माझा मुलगा आहेस, हे कारण वर्षभर कुठे होतं, असं त्याने विचारलं तर?

दूध तसंच राहिलं. सकाळी त्यावर साय धरली होती.

तुझ्या घरी त्याने पाव हातात तरी घेतला होता. माझ्या हातचं तो घेत नाही. रजा टाक आणि ये. तुझ्यावर त्याचा विश्वास आहे. मी बाहेरच्या खोलीत बसेन, मध्ये बोलणार नाही, तुम्ही आत काय बोलताय तेही विचारणार नाही. तो दोन घास जेवला एवढं मला दारातून सांग.

तुझा,
ढब्बू